प्रकाश, अंतर, वेळ: हौशी छायाचित्रकाराची मुशाफिरी

१८३८ साली पॅरिसमध्ये लुई दागेर याने उंचावरच्या एका खिडकीतून बुलेव्हार दु ताँपल या रस्त्याचं छायाचित्र घेतलं. भर दिवसाची वेळ आणि घोडागाड्या-पादचाऱ्यांनी गजबजलेला रस्ता. चित्रात मात्र तो जवळपास ओस पडलेला दिसतो. कारण तेव्हा एक चित्र उमटायला काही मिनिटं लागत आणि तेवढ्या वेळात चालती माणसं कसलीही खूण न ठेवता निघून जात. कोपऱ्यात एक गृहस्थ बूट पॉलिश करून घेत उभा होता. तो जागचा हलला नाही, म्हणून तेवढा उमटला. छायाचित्रात आलेला पहिला माणूस म्हणून आज त्याचीच ओळख सांगितली जाते.

म्हणजे त्या काळात रस्त्यावरच्या जिवंत माणसांचं छायाचित्रण हा प्रकार अस्तित्वातच येऊ शकत नव्हता. रस्ता होता, माणसं होती, कॅमेराही होता. पण कॅमेऱ्याला लागणारा वेळ आणि माणसाच्या पावलाला लागणारा वेळ यांचा मेळ बसत नव्हता. १९२५ मध्ये लायका हा खिशात मावणारा, ३५ मिलिमीटर फिल्मचा कॅमेरा बाजारात आला तोवर हा मेळ बसला होता.

छायाचित्रणाचे प्रकार आपण विषयावरून ओळखतो: पक्ष्यांचे फोटो, माणसांचे फोटो, डोंगरांचे फोटो. प्रत्यक्ष काम करताना लक्षात येतं की प्रत्येक प्रकाराची खरी अडचण वेगळी आहे, आणि ती तीन प्रश्नांत सांगता येते. प्रकाश कुणाच्या ताब्यात आहे? किती जवळ जाता येईल? समोरचा क्षण किती वेळ थांबेल? या प्रश्नांची उत्तरं बदलली की प्रकार बदलतो. या प्रकरणात आपण सगळं काही आपल्या ताब्यात असलेल्या प्रकारापासून सुरुवात करून जवळजवळ काहीच ताब्यात नसलेल्या प्रकारांपर्यंत जाणार आहोत.

हौशी माणसाला या प्रवासात एक मोठा फायदा आहे. लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडे लोक लग्नासाठीच येतात, जाहिरातीवाल्याकडे जाहिरातीसाठी. हौशी माणसाकडे कुणीच येत नाही, त्यामुळे त्याला कुठेही जाता येतं. आपल्याकडे ही हौस जुनी आहे. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. तिच्या सभासदांत भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. वैद्यकी सांभाळून ते छायाचित्रण करत. या सोसायटीच्या आश्रयाने १८५६ ते १८५८ या काळात एक छायाचित्रसंग्रह भागाभागाने निघाला. त्याच्या नावातच तो भारतातल्या हौशी लोकांचा अल्बम असल्याचं म्हटलं होतं.

खिडकीजवळचं टेबल

पहिला धडा घरातच घ्यावा. तांब्याचा गडू, दोन लिंबं, एखादं पुस्तक, पोह्यांची बशी, काहीही चालेल. वस्तुचित्रात तिन्ही प्रश्नांची उत्तरं आपल्या हातात असतात. वस्तू पळत नाही, कंटाळत नाही, आणि उद्या याच वेळी पुन्हा मांडता येते. म्हणून प्रकाश शिकायला याहून चांगली जागा नाही.

उत्तरेकडची खिडकी असेल तर उत्तम, कारण आपल्याकडे वर्षातला बहुतेक काळ तिच्यातून थेट ऊन येत नाही. खोलीतले दिवे आधी बंद करावेत. बल्बचा पिवळा आणि आकाशाचा निळसर प्रकाश एकत्र आला की बशीची एक बाजू पिवळी आणि दुसरी निळी दिसते, आणि ती दुरुस्त करणं जिकिरीचं होतं. मग वस्तू खिडकीशी काटकोनात ठेवून एक फोटो घ्यावा, खिडकीकडे पाठ करून एक, आणि खिडकी वस्तूच्या मागे ठेवून एक. पहिल्यात गडूचा गोलावा दिसेल, दुसऱ्यात तो सपाट होईल, तिसऱ्यात त्याची कड उजळेल. पदार्थातून निघणारी वाफ फक्त तिसऱ्या प्रकारात नीट दिसते. खाद्यपदार्थांचे फोटो काढणारे प्रकाश मागून किंवा मागच्या कोपऱ्यातून घेतात तो याचसाठी. सावलीची बाजू फारच काळी पडत असेल तर तिथे थर्मोकोलचा पांढरा तुकडा उभा करावा. स्टुडिओतल्या महागड्या रिफ्लेक्टरचं कामही एवढंच असतं.

चेहरा

आता गडूच्या जागी माणूस बसवा. प्रकाश तोच, पण दोन गोष्टी बदलतात: माणसाला कॅमेऱ्याची जाणीव असते आणि अंतराचा प्रश्न निर्माण होतो.

मोबाइलने जवळून घेतलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान लहान दिसतात. लोक याचा दोष लेन्सला देतात, पण कारण अंतर आहे. कॅमेरा चेहऱ्यापासून वीत-दीड वीत दूर असेल तर नाक आणि कान यांच्या अंतरातला फरक एकूण अंतराच्या मानाने मोठा ठरतो. दीड-दोन मीटर मागे गेलं की तोच फरक नगण्य होतो आणि चेहरा ओळखीचा दिसू लागतो. मागे गेल्यावर चेहरा चौकटीत लहान दिसतो, म्हणून लांब लेन्स लागते. व्यक्तिचित्रासाठी ८५ मिलिमीटरची लेन्स लोकप्रिय आहे ती या गणितामुळे. मोबाइलवर मुख्य कॅमेऱ्याऐवजी दुप्पट झूम निवडून दोन पावलं मागे सरकावं. पोर्ट्रेट मोडने पार्श्वभूमी धूसर करण्यापेक्षा याचा परिणाम जास्त होतो.

दुसरा भाग तंत्राचा नाही. मराठी वाचकांना गौतम राजाध्यक्ष यांचं नाव आणि त्यांचं ‘चेहरे’ हे पुस्तक माहीत असतं. सिनेमातल्या परिचित माणसांचे चेहरे त्यांनी टिपले आणि त्या माणसांविषयी लिहिलंही. लिहिण्याइतकी ओळख असलेल्या माणसाचं छायाचित्र वेगळं येतं. हौशी माणसाने म्हणूनच मॉडेल शोधत बसू नये. आजी, शेजारी, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला यांच्यापासून सुरुवात करावी. आधी बोलावं, कॅमेरा नंतर काढावा आणि काढलेला फोटो त्यांना छापून द्यावा.

रस्ता

रस्त्यावर येताच प्रकाश आपल्या ताब्यातून जातो आणि क्षण सेकंदाच्या तुकड्यावर येतो. या प्रकाराचा सर्वांत मोठा मानला गेलेला कलावंत आंरी कार्तिये-ब्रेसाँ हा बहुतेक काम एक लायका आणि ५० मिलिमीटरची लेन्स एवढ्यावर करत असे. १९४८ च्या जानेवारीत तो दिल्लीत होता आणि गांधीजींच्या अंत्ययात्रेची त्याची छायाचित्रं जगभर गेली. १९५२ मध्ये त्याचं पुस्तक निघालं आणि ‘निर्णायक क्षण’ ही कल्पना छायाचित्रकारांच्या तोंडी बसली. मात्र तो क्षण पकडण्याची तयारी आधीच करून ठेवलेली असते, हे अनेकदा सांगायचं राहून जातं.

तयारी अशी. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३५ मिलिमीटरची लेन्स लावावी, ॲपर्चर एफ ८ ठेवावं आणि फोकस हाताने साधारण पाच मीटरवर पक्का करावा. आता अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. शटर सेकंदाच्या १/२५० भागावर ठेवलं की चालती माणसं धूसर होत नाहीत. यानंतर कॅमेऱ्याला फोकस शोधायचा नसतो. आपण फक्त बघायचं आणि बटण दाबायचं. दुसरी युक्ती म्हणजे आधी जागा निवडणं: दादरच्या फुलबाजारात सकाळचं तिरपं ऊन पडणारा एखादा कोपरा धरून उभं राहावं आणि त्या उजेडात कोण येतं याची वाट पाहावी. तिरप्या प्रकाशाने काय होतं हे खिडकीजवळच्या गडूने आधीच शिकवलेलं असतं.

या प्रकाराला लागूनच दस्तऐवजी छायाचित्रण येतं. एक चांगला फोटो मिळाला की रस्त्यावरचा छायाचित्रकार पुढे जातो. दस्तऐवजी काम करणारा त्याच माणसांकडे, त्याच जागी वर्षानुवर्षं परत जातो. संदेश भंडारे यांनी तमाशा आणि वारी या विषयांवर केलेलं काम या जातीचं आहे. होमाई व्यारावाला यांनी मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना आजूबाजूच्या रोजच्या जीवनाचे फोटो काढायला सुरुवात केली. पुढे त्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या आणि २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. आषाढी वारीत आता वारकऱ्यांइतकेच कॅमेरे दिसतात. तिथे रिंगणातल्या धावत्या अश्वाचा फोटो सगळेच घेतात. त्याऐवजी एकाच दिंडीबरोबर सलग चालून तिचा मुक्काम, स्वयंपाक, पाय चेपत बसलेल्या म्हाताऱ्या टिपल्या तर हाती काही वेगळं लागेल.

इथे शिष्टाचार तंत्राइतकाच महत्त्वाचा. कुणी नको म्हटलं तर हुज्जत घालू नये, फोटो पुसून टाकावा. लहान मुलांचा फोटो पालकांना विचारून घ्यावा. हताश, आजारी किंवा उघड्यावर आंघोळ करणाऱ्या माणसाचा फोटो मिळतो म्हणून घेऊ नये.

डोंगर आणि दगड

डोंगर जागचा हलत नाही, म्हणून निसर्गचित्रण निवांत वाटतं. पण डोंगरावरचा प्रकाश रस्त्यावरच्या माणसापेक्षाही चपळ असतो. १ नोव्हेंबर १९४१ रोजी ॲन्सेल ॲडम्स न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळून गाडीने जात असताना त्याला दफनभूमीतल्या क्रुसांवर मावळतीचं ऊन आणि वर उगवलेला चंद्र दिसला. घाईत प्रकाशमापक सापडेना. चंद्राची तेजस्विता किती असते हा आकडा त्याला पाठ होता. त्यावरून हिशेब करून त्याने एक प्लेट घेतली. दुसरी घेण्यापूर्वीच क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. विसाव्या शतकातल्या सर्वांत गाजलेल्या निसर्गचित्रांपैकी हे एक.

त्यातली युक्ती आपल्यालाही वापरता येते. चंद्रावर ऊनच पडलेलं असतं, त्यामुळे त्याच्यासाठी एक्स्पोजर दिवसाचंच ठेवावं लागतं: आयएसओ १००, एफ ११, शटर सेकंदाचा १/१०० भाग. गडाच्या बुरुजाआडून उगवणारा चंद्र हवा असेल तर पौर्णिमेपेक्षा चतुर्दशी सोयीची. पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि तो वर येईपर्यंत बुरुज काळोखात जातो. चतुर्दशीचा चंद्र त्याआधी पाऊणएक तास वर येतो, तेव्हा बुरुजावर अजून ऊन असतं. घरातली दिनदर्शिका हे निसर्गचित्रकाराचं साधन आहे ते असं.

सह्याद्रीत दिशांचं भान ठेवलं तर अर्धं काम होतं. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून तिथे सूर्यास्ताला गर्दी होते. पण इंद्रवज्र, म्हणजे धुक्यात आपल्याच सावलीभोवती दिसणारं रंगीत वर्तुळ, हवं असेल तर सकाळी जावं लागतं. त्यासाठी सूर्य पाठीमागे आणि धुकं समोरच्या दरीत असावं लागतं. पश्चिमाभिमुख कड्यावर हे सकाळच्या कोवळ्या उन्हातच जुळतं.

इमारती आणि लेणी हा याच कुळातला प्रकार. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर उभं राहून कॅमेरा वर उचलला की इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते, कारण सेन्सर भिंतीला समांतर राहत नाही. कॅमेरा सरळ धरून मागे सरकावं किंवा समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून फोटो घ्यावा. अजिंठ्यात भित्तिचित्रांच्या रक्षणासाठी फ्लॅशला बंदी आहे आणि ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. तेव्हा आयएसओ वाढवून, कोपर बरगडीला टेकवून, श्वास रोखून काम भागवायचं. १८४४ मध्ये रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी या चित्रांच्या नकला करायला अजिंठ्याला आला. पुढे त्याने कॅमेरा घेतला आणि त्याची ७४ छायाचित्रं असलेलं जेम्स फर्ग्युसनचं लेण्यांवरचं पुस्तक १८६४ मध्ये निघालं. गिलने रंगवलेल्या नकलांपैकी बऱ्याचशा लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या १८६६ च्या आगीत जळाल्या. म्हणून अशा नोंदीला केवळ शोभेपलीकडचं मोल असतं.

पंख

पक्षी आणि प्राणी यांच्या बाबतीत तिन्ही उत्तरं आपल्या विरुद्ध जातात. प्रकाश मिळेल तो, अंतर पक्षी ठरवणार आणि क्षण त्याच्या मर्जीचा. खर्चही इथेच वाढतो, कारण ४०० मिलिमीटरच्या आसपासची लेन्स लागते. उडत्या पक्ष्याचे पंख थिजवायला शटर सेकंदाच्या १/२००० भागापर्यंत न्यावं लागतं. त्यासाठी आयएसओ वाढवायला कचरू नये. थोडे दाणे दिसले तरी फोटो वाचतो, हललेला पक्षी वाचत नाही. फोकस डोळ्यावर असला पाहिजे, ही या प्रकारातली पहिली अट.

शिकायला भिगवण चांगलं. उजनी धरणाच्या पाणलोटात हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि स्थानिक नावाडी होडीतून जवळ नेतात. होडीमुळे कॅमेरा पाण्यालगत येतो आणि पक्षी आपल्या नजरेच्या पातळीवर दिसतो. उभ्याने खाली बघून घेतलेल्या फोटोपेक्षा हा फोटो नेहमीच सरस ठरतो. मुंबईकरांना ठाणे खाडीतही रोहित दिसतात. मात्र उडणाऱ्या थव्याच्या फोटोसाठी नावाड्याला होडी थव्यात घालायला सांगू नये. हे पक्षी इथे पोट भरायला आलेले असतात आणि प्रत्येक उड्डाणात त्यांची ताकद खर्च होते. घरट्याचे फोटो तर टाळावेतच. आपल्या वावरामुळे आई-बाप घरटं सोडतात, किंवा शिकारी प्राण्याला त्याचा पत्ता लागतो.

बारीक जग

मॅक्रो छायाचित्रणात अंतराचा प्रश्न उलटा होतो. आता आपण इतके जवळ असतो की जवळपणाच अडचण ठरते. खऱ्या मॅक्रो लेन्समध्ये वस्तूची प्रतिमा सेन्सरवर तिच्या मूळ आकाराइतकी पडते. अशा वेळी ॲपर्चर एफ ११ असूनही स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीचा असतो. मुंगीचा डोळा स्पष्ट आला तर पाय धूसर होतात. उपाय दोन. सेन्सर वस्तूला समांतर धरावा, म्हणजे फुलपाखराचे मिटलेले पंख अख्खे त्या पट्ट्यात बसतात. किंवा फोकस किंचित सरकवत अनेक फोटो घेऊन ते संगणकावर जोडावेत.

कासच्या पठारावर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलांचे गालिचे टिपायला लोक जातात. गुडघ्यावर बसलं तर दुसरंच पठार दिसतं. ‘सीतेची आसवं’ ही इवल्याशा निळ्या-जांभळ्या फुलांची वनस्पती कीटकभक्षी आहे. दवबिंदूही तशीच, तिच्या केसांवरच्या चिकट थेंबांत कीटक अडकतात. वाऱ्याने फूल सतत हलतं, म्हणून वारा पडलेला असतो त्या पहाटेच्या वेळी काम उरकावं. फोटोसाठी वाट सोडून फुलांवर झोपू नये. किडा पानावरून उचलून ‘चांगल्या’ पार्श्वभूमीवर ठेवणं किंवा त्याला फ्रीजमध्ये थंड करून फोटो काढणं ही लबाडी आहे आणि क्रौर्यही.

रात्र

शेवटचा प्रकार काळोखाचा. इथे प्रकाश जवळजवळ नसतोच, म्हणून वेळ ताणायची. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे फार ताणली तर तारे ठिपक्याऐवजी रेघा होतात. साधा ठोकताळा असा: ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरनी भागावं. मोठ्या सेन्सरवर २४ मिलिमीटरची लेन्स असेल तर सुमारे २० सेकंद मिळतात. आकाशगंगेचा तेजस्वी मध्यभाग मार्चपासून पहाटे दिसू लागतो आणि जूनमध्ये ढग येतात. त्यामुळे महाराष्ट्रात मार्च ते मे या महिन्यांतल्या अमावास्येजवळच्या रात्री खऱ्या कामाच्या. रेघाच हव्या असतील तर कॅमेरा उत्तरेकडे लावावा. पुण्यातून ध्रुवतारा क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर दिसतो, कारण पुण्याचा अक्षांश तेवढाच आहे. बाकीचे तारे त्याच्याभोवती वर्तुळं काढतात.

पावसाच्या तोंडावर भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची इथे काजवे चमकतात. समाजमाध्यमांवर फिरणारे काजव्यांचे फोटो बहुधा अनेक फोटो एकावर एक चढवून केलेले असतात. एका क्षणी इतके काजवे डोळ्यांना दिसत नाहीत. असं करण्यात गैर काही नाही, फक्त फोटोखाली तसं लिहावं. काजव्यांची चमक म्हणजे नर-मादीने एकमेकांना दिलेले इशारे. टॉर्च, फ्लॅश आणि गाड्यांचे दिवे त्यात व्यत्यय आणतात. तेव्हा ट्रायपॉड उजेड असतानाच लावावा, फोकस पक्का करावा आणि मग दिवा विझवून बसावं.

मग कोणता प्रकार आपला?

हा प्रश्न पहिल्याच वर्षी विचारू नये. एका ऋतूला एक प्रकार ठरवावा: पावसाळ्यात घरातलं टेबल आणि चेहरे, पाऊस ओसरताना मॅक्रो, हिवाळ्यात पक्षी, उन्हाळ्यात रात्रीचं आकाश, आणि रस्ता बारा महिने. एका प्रकारातली कमाई दुसऱ्यात आपोआप उतरते. पक्ष्यांसाठी ताटकळलेला माणूस रस्त्यावर घाई करत नाही. मॅक्रो केलेला माणूस व्यक्तिचित्रात डोळ्यावरचा फोकस चुकवत नाही.

खरेदी सर्वांत शेवटी करावी. आधी मोबाइल किंवा जुना कॅमेरा आणि सोबतची लेन्स यांवर भागवावं. एखादा प्रकार दोन ऋतू टिकला तरच त्याची लेन्स घ्यावी; तोवर पुण्या-मुंबईत ती भाड्याने मिळते. ट्रायपॉड मात्र लवकर घ्यावा, कारण टेबल, डोंगर आणि रात्र या तिन्ही ठिकाणी तो लागतो.

वर्षाच्या शेवटी सगळ्या फोटोंतून बारा निवडावेत आणि पोस्टकार्डाच्या आकारात छापून टेबलावर मांडावेत. त्यात वारंवार काय येतं ते पाहावं: जवळून घेतलेले तपशील, माणसांचे हात, की रिकामी क्षितिजं. लाइकचे आकडे जे सांगत नाहीत ते या बारा छापील फोटोंतून कळतं. त्यातून जो प्रकार पुढे येईल त्याला पुढचं वर्ष द्यावं, आणि बाकीचे सोडून देताना हळहळू नये.